वाळुंजाची गाठ

वांगणीत नदीकाठी शेत असलेल्या हरिचंद्राची वई, म्हणजे बांबूचं कुंपण, सगळी वाळुंजाच्या झाडाच्या लवचीक फोकांनी बांधलेली. तार लावली की चार दिवसांत चोरीला जाऊन भंगारात विकली जाते, म्हणून हा जुना खटाटोप. ओला फोक पिळून मारलेली गाठ बोटांनी सुटत नाही, कोयत्यानेच तोडावी लागते. चिमी, त्याची बायको, टबात भिजवलेला एकेक फोक त्याच्या हातात देत होती.

भरदुपारी धाकटा भाऊ दौलतराव कोयता घेऊनच आला. आपला वाटा फार्महाऊसवाल्यांना विकून तो मोकळा झाला होता. आता त्यांच्या गाड्यांना रस्ता हवा म्हणून भावाची वई पाच हात आत सरकायला हवी होती.

"दादा, बाजूला हो."

"माज्या मढ्यावरून जा."

दौलतरावाने तेच केलं. पडलेला खुंटा उचलून भावाच्या डोक्यात घातला आणि तो कोसळल्यावर आणखी दोनदा. चिमीने धावत जाऊन डोकं मांडीवर घेतलं, पण कवटी फुटली होती. तिच्या मांडीवरच त्याचा श्वास थांबला. तिने हंबरडा फोडला, तरी या नराधमाने वळून पाहिलं नाही. तो वई तोडायला लागला.

ताणून वाकवलेल्या बांबूची गाठ समोर उभं राहून तोडायची नाही, हे त्या घरात शेंबडं पोरही जाणतं. पण डोक्यात खून चढलेल्याला कसली आठवण! गाठ तुटली, बांबू सणकन उलटला आणि कोयता त्याच्याच डाव्या हातात घुसला. रक्ताची चिळकांडी उडाली. तो खांबाशी गडगडला.

"वयनी, बांध ग! मेलो मी!"

मर, असं चिमीला वाटलं. कुत्र्यासारखा तडफडून मर. ती नुसती बघत राहिली.

मग ती उठली. टबातला फोक काढून त्याच्या दंडाला आवळला, त्यात काटकी घालून पीळ दिला, तो किंचाळला तरी देतच राहिली. रक्त थांबलं. दुसऱ्या फोकाने तिने त्याचा चांगला हात खांबाला जखडला आणि कोयता लांब भिरकावला.

"वयनी, हात कशाला बांधतेस?"

चिमीने रक्ताळलेल्या बोटांनी पोलिसांना फोन लावला. मग नवऱ्याचं डोकं पुन्हा मांडीवर घेऊन ती दौलतरावासमोरच बसली.

"एवढ्यात मरायचं नाय, भावजी. कोरटात उभं राह्याचं हाय."