कोणत्या पायाचं माप

सुनेने सगळ्यात आधी ‘अग्रगण्य’ खोडलं. मग ‘सर्वोत्तम’, मग ‘ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध’. छापून काढलेल्या पानावर निळ्या रेघा वाढत गेल्या आणि शेवटी दुकानाचं नाव आणि फोन नंबर एवढंच उरलं.

“एवढ्यावर कोण येणार?” नवऱ्याने विचारलं. वेबसाइटचा मजकूर त्याने लिहिला होता, दोन रविवार घालवून.

“आत्ता तरी कोण येतंय?”

आठ महिन्यांत वेबसाइटवरून चौदा निरोप आले होते. बारा जणांना दुकानालाच काहीतरी विकायचं होतं. एकाला पहारेकऱ्यांसाठी एकाच मापाचे तीनशे जोड हवे होते. उरलेल्याने शेजारचं चष्म्याचं दुकान किती वाजता उघडतं, असं विचारलं होतं.

दुकान सासऱ्यांचं होतं. ते बूट करायचे, पण दोन्ही पाय सारखे असलेल्यांसाठी नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब, कुणाचा घोटा अपघातानंतर वाकडा जुळलेला. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी फर्मा तासायचा आणि त्यावर कातडं चढवायचं. एका जोडाला सहा आठवडे लागत. पूर्वी इस्पितळातले दोन डॉक्टर चिठ्ठी देऊन माणसं पाठवत. दोघेही निवृत्त झाले आणि चिठ्ठ्या थांबल्या. शेजारच्या चष्मेवाल्यांना हे दुकान घेऊन आपली जागा वाढवायची होती. सासऱ्यांनी त्यांना सांगून टाकलं होतं, महिनाअखेरीला काय ते नक्की सांगतो. तोपर्यंत नवं काम घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण नवं काम आलंच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची वेळही आली नाही.

सून तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसत होती. आधी नुसती टाके घालायला, मग कातडं कापायला. गेल्या वर्षापासून ती फर्माही तासू लागली होती. टाचेकडचा भाग अजून नीट जमत नव्हता. दुकान बंद झालं तर तो कधीच जमणार नव्हता. हे ती सासऱ्यांजवळ बोलली नव्हती आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कोरी वही घेऊन दुकानात बसली.

“बाबा, नवीन माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा काय विचारतो?”

“काही विचारत नाही.” सासरे सोल घासत होते. “दारात उभा राहतो. आत दुसरं कोणी आहे का बघतो.”

“मग?”

“मग मी म्हणतो, जुने बूट दाखवा. पुसले नसतील तर फारच उत्तम.”

“न पुसता का?”

“झीज कळते. पाय कुठे टेकतो, कुठे ओढतो.” ते थांबले. “आणि पाय दाखवायला माणसाला संकोच वाटतो, बूट दाखवायला नाही. तेवढ्यात तो खुर्चीवर बसलेला असतो.”

तिने ते लिहून घेतलं.

“हे कशाला लिहितेस? हे काय जाहिरातीत घालायचंय?”

“नुसतं लिहून ठेवतेय.”

“तुझ्या नवऱ्याने काय झकास लिहिलं होतं. ध्येय, दृष्टिकोन. मला तर आपण विमानं बनवतो की काय असं वाटलं.”

दुपारी गणिताच्या बाई टाच बदलायला दिलेले बूट न्यायला आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण दुकानात शिरताना अजूनही वर्गात शिरल्यासारख्या शिरत. सुनेने त्यांच्यापुढे मोबाइल धरला आणि विचारलं, ही वेबसाइट तुम्ही कधी पाहिली होती का?

“पाहिली होती की. माझ्या भाचीसाठी. तिचं पाऊल माझ्यावरच गेलंय. ती परगावी असते, म्हटलं इथूनच चौकशी पाठवावी.”

“पण आम्हाला काहीच मिळालं नाही.”

“मिळेल कसं? मी पाठवलीच नाही.” बाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. “हे बघ. नाव, फोन, बुटाचं माप. मापाला रकाना एकच. भाचीचा डावा पाय पाच नंबरचा आणि उजवा सात. कोणत्या पायाचं लिहू? दोन्ही लिहिले तर घेत नाही. रिकामं सोडलं तर लाल अक्षरांत ओरडतं. मग सरासरी काढून सहा लिहू?”

सासऱ्यांचा हात थांबला. सुनेने मोबाइल स्वतःकडे वळवला आणि तो रकाना बघत राहिली. आठ महिन्यांत तिने हे पान पन्नासदा तरी उघडलं असेल.

“शेवटी मी भाचीला सांगितलं, ही नेहमीच्या बुटांची माणसं दिसतात,” बाई म्हणाल्या. “नाव सारखं आहे, दुकान दुसरं असेल.”

संध्याकाळी नवऱ्याने कबूल केलं की तो फॉर्म एका चपलांच्या दुकानाच्या वेबसाइटवरून जसाच्या तसा उचलला होता.

“चांगला दिसत होता,” तो म्हणाला.

“दिसायला चांगलाच आहे,” ती म्हणाली. तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. “मी सांगते, तू टाइप कर. विशेषणं सोडून.”

तो हसला आणि टाइप करू लागला. दोन-तीनदा त्याने ‘उत्कृष्ट’ घालून पाहिलं आणि तिने ते काढायला लावलं. शेवटी पानावर एवढंच राहिलं:

“दोन पाय सारखे नसतील तर आम्ही तुमच्यासाठी बूट करतो. बाहेरून फरक कळत नाही. एका वेळी एकाच माणसाला बोलावतो, दुकानात दुसरं कोणी नसतं. पहिल्या भेटीत पाय दाखवायची गरज नाही. जुने बूट आणा. पुसू नका.”

खाली फॉर्म होता. मापाचा रकाना काढून टाकला होता. त्याऐवजी जुन्या बुटांच्या तळाचा फोटो जोडायची सोय होती आणि एकच प्रश्न, ‘चालताना कुठे दुखतं?’

सोमवारी सकाळी पान बदललं. मंगळवारी काहीच आलं नाही. बुधवारी एक निरोप आला, गुरुवारी तीन. शनिवार सकाळपर्यंत नऊ झाले. भाचीचाही त्यात होता. एकाने फोटोबरोबर लिहिलं होतं, ‘बारा वर्षं डाव्या बुटात कापूस घालतोय. घरच्यांना माहीत नाही.’

सुनेने कुणालाच उत्तर पाठवलं नाही. बूट कधी मिळतील हे सांगायचा अधिकार तिला नव्हता. तिने नऊही निरोप मोठ्या अक्षरांत छापले आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी एकेक कागद वाचला. फोटो उजेडाकडे धरून पाहिले. कापसाचा कागद दोनदा वाचला. मग सगळे कागद जुळवून हातोडीखाली ठेवले आणि पुन्हा कामाला लागले. ती वाट बघत उभी राहिली, मग स्टुलावर जाऊन बसली. महिना संपायला चार दिवस होते.

अकराच्या सुमाराला चष्मेवाले आले. हातात मोजायची टेप होती.

“घाई नाही हं. नुसता अंदाज घेतो. सुतार उद्या येतोय, त्याला आकडे हवेत.”

“घ्या की,” सासरे म्हणाले.

चष्मेवाल्यांनी टेपचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला लावलं आणि पट्टी ओढत फर्म्यांच्या फळीपर्यंत आणली. सून उठली आणि त्यांच्या वाटेतलं स्टूल बाजूला घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. तो सासऱ्यांच्या हाताशी होता.

“हो, तेच दुकान,” ते म्हणाले. नंतर बराच वेळ नुसते ऐकत राहिले. “नाही, पुसू नका. आहेत तसे आणा. … हो, दुसरं कोणी नसतं.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सासऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग उठून दोन पानं उलटली आणि बोटाने आठवडे मोजले.

“सहा आठवडे लागतील. त्याच्या आत होणार नाही.”

टेप जिथे होती तिथेच थांबली. चष्मेवाल्यांनी सुनेकडे पाहिलं. सून हातात स्टूल घेऊन उभी होती.

“माप ना? माप माझी सून घेईल,” सासरे फोनवर सांगत होते. “फर्माही तीच करेल. मी असेन शेजारी. … पत्ता लिहून घ्या. चष्म्याचं मोठं दुकान आहे, त्याला लागून. त्यांची पाटी लांबून दिसते, आमची दिसत नाही. चुकून त्यांच्याकडे गेलात तरी हरकत नाही, भला माणूस आहे, तो सांगेल.”

चष्मेवाल्यांनी टेपचं बटण दाबलं. पट्टी सरसरत आत गेली.

“सुताराला नको म्हणून कळवतो,” ते हळू आवाजात सुनेला म्हणाले. “आणि ते स्टूल खाली ठेव आता.”