घटाशेजारचा आवाज

ह्यांचा आवाज आमच्याकडे कॉम्प्युटरात होता. घशात नव्हता.

आमचे हे, दत्तोपंत, छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. चौथ्या बाकावर कुणी कुजबुजलं तर फळ्याकडं तोंड ठेवूनच त्याचं नाव घ्यायचे. घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस आमचा उन्मेष पुण्याहून आला आणि फोन ह्यांच्यापुढं धरून बसला. "बाबा, काहीही बोला." ह्यांनी सगळ्या आरत्या म्हटल्या. मंत्रपुष्पांजली म्हटली. मग थांबून म्हणाले, "अगं, चहा टाक की," आणि हसले. देवीच्या आरतीत तिसऱ्या कडव्याला खोकला आला. उन्मेष म्हणाला, पुन्हा घेऊ. तर हे म्हणाले, "असू दे. खोकलाही माझाच आहे."

हे सगळं उन्मेषनं घरच्या कॉम्प्युटरवर भरून दिलं. दुसरी प्रत एका छोट्या ड्राइव्हवर काढली. प्रत काढून झाली की ड्राइव्ह लगेच उपसायचा आणि कपाटात ठेवायचा, असं दोनदोनदा बजावलं. मी हो हो म्हटलं. ह्यांनी मात्र ऐकून घेऊन पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पडद्याच्या कडेला चिकटवलं: ओळख नसलेली फाईल उघडू नये. ड्राइव्ह काढून ठेवावी. शंका आली तर 'नाही' दाबावे. ड्राइव्ह तो की ती, यावर बापलेकांत तेव्हा जरा वाद झाला. तो ह्यांचा शेवटचा वाद.

ऑपरेशननंतर ह्यांच्या हातात पाटी आली आणि पितळेची लहान घंटी. एकदा वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की इकडे ये. दिवेलागणीला मी कॉम्प्युटरवर आरती लावायची. हे टाळ घेऊन बसायचे, ओठ हलवायचे, आणि घर भरून आवाज ह्यांचाच यायचा. दोन वर्षं रोज. माझ्या बाकीच्या नेमांसारखाच तो एक नेम झाला होता.

चातुर्मासात मी मुक्यानं जेवते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी धरलेलं व्रत आहे. पूर्वी हे चिडवायचे, "बायको चार महिने गप्प जेवते, एवढं पुण्य कुठल्या नवऱ्याचं?" आता ताटावर दोघंही गप्प असतो.

या नवरात्रात मी घट कॉम्प्युटरच्या शेजारी बसवला. ह्यांना खाली वाकवत नाही, आणि आवाज देवीजवळ असावा असं मला वाटलं. घट बसले की नऊ दिवस तिथलं काही हलवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. देवसुद्धा जागचे उचलत नाही. त्या दिवशी सकाळी मी नवी प्रत काढत होते, ड्राइव्ह लावलेलाच होता. घट बसल्यावर तो उपसायला हात पुढं झाला नाही. दसऱ्याला काढू म्हटलं. कॉम्प्युटरही बंद केला नाही. व्हायरसपासून राखणाऱ्या त्या प्रोग्रॅमची मुदत श्रावणातच संपली होती. रोज कोपऱ्यात चौकोन यायचा, मी रोज 'नंतर' दाबायची. उपासतापासाच्या दिवसांत कुठं त्या मागं लागायचं.

ललितापंचमीला टेंबलाईच्या देवळातून परत आले. भजनी मंडळातल्या भैरवीनं एक लिंक पाठवली होती. अंबाबाईच्या नऊ दिवसांच्या अलंकार-पूजा, घरबसल्या दर्शन. ह्यांना गर्दीत नेता येत नाही. म्हटलं, मोठ्या पडद्यावर दाखवू. कॉम्प्युटरवर लिंक दाबली, तर एक फाईल उतरली आणि पिवळा चौकोन आला: ही फाईल धोकादायक असू शकते, तरी उघडायची का? होय. नाही.

वर देवीचं चित्र होतं. कुंकवाचा मळवट भरलेलं. तिच्या तोंडावर 'नाही' कसं दाबायचं?

मागून घंटी वाजली. दोनदा. मग चारदा. मग वाजतच राहिली. मला वाटलं, ह्यांना आरतीची घाई झाली.

"आले हो," मी मागं न बघताच म्हटलं, "एवढं दर्शन उघडते."

आणि 'होय' दाबलं.

दर्शन काही आलं नाही. थोड्या वेळानं आरती लावायला गेले, तर सगळ्या फायलींची नावं बदललेली, आणि पडद्यावर लाल पान. इंग्रजीत. तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी तर एवढे पैसे पाठवा. मी वळून ह्यांच्याकडं पाहिलं. घंटी अजून हातात होती. खुर्चीतून अर्धवट उठलेले होते, एक हात पुठ्ठ्याच्या दिशेनं.

सहाव्या दिवशी माझ्या हातानं रीत मोडली. घटाशेजारून कॉम्प्युटर उचलला आणि रिक्षानं शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कृष्णातच्या दुकानात नेला. कृष्णातनं तासभर बघितलं.

"काकू, हे लई वंगाळ हाय बघा. सगळ्यास्नी कुलूप घातलंय."

"तुम्ही काढा की ते कुलूप."

"ह्येची किल्ली त्येच्याकडंच. म्या न्हाय काढू शकत, पोलिसांस्नी बी न्हाय जमायचं."

"मग पैसे पाठवते. पाटल्या आहेत माझ्या."

"नका ओ. चोराचा काय भरवसा? पैसे घेईल आन् गप बसंल. दुसरी प्रत हाय न्हवं? मग कशाला रडताय?"

मी ड्राइव्ह पुढं केला. त्यावर हळदकुंकू होतं.

"हा त्यात लावलेलाच हुता?"

"घट बसले होते," मी म्हटलं.

कृष्णात मोठ्या तोंडाचा माणूस, गिऱ्हाइकाला फाडून बोलणारा. त्यानं नुसता ड्राइव्ह पुसून माझ्या हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा मला कळलं, की गेलं.

उन्मेषला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "आई, मी तो फोन बदलला गं. तुझ्याकडं दोन-दोन आहेत म्हणून..." पोलिसांकडं तक्रार त्यानंच केली. मंडळातल्या बायकांना फाईल उघडू नका म्हणून सांगायला मी भैरवीला फोन केला. ती बिचारी रडायला लागली, तिला तरी कुठं ठाऊक होतं.

ह्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. पाटीवरसुद्धा नाही. संध्याकाळी टाळ घेऊन बसले. मी एकटीनं आरती म्हटली. तिसऱ्या कडव्याला मी सरळ पुढं गेले, तर ह्यांचा टाळ थांबला. खोकल्याच्या जागी. मग ते पुन्हा वाजवू लागले.

आता कार्तिक लागला आहे. कॉम्प्युटर पुसूनबिसून नवा केला आहे, राखणदार प्रोग्रॅम भरला आहे, नवा ड्राइव्ह कपाटात असतो. त्यात ठेवण्यासारखं काही नाही. पुठ्ठा मी काढलेला नाही.

काल दुपारी जेवताना ह्यांनी डाव्या हातानं पाटी ओढली आणि लिहून माझ्या ताटाकडं सरकवली.

"माझा आवाज आठवतो का गं?"

मी डोळे मिटले. शब्द आठवले. चहा टाक की. खोकलाही माझाच आहे. पण ते शब्द माझ्याच आवाजात येत होते. ह्यांचा आवाज आणायला गेले की ती घंटी ऐकू येते, वाजतच राहिलेली.

एकादशीला चार दिवस होते. व्रत चालू होतं, ताटावर बोलायचं नव्हतं. मी ह्यांच्याकडं पाहिलं आणि मान हलवली, होय म्हणून. ह्यांनी समाधानानं पाटी पुसली आणि भाताकडं वळले.

तोंड उघडावं लागलं असतं तर मला साधलं नसतं. मुक्यानं सांगितलेलं खोटं देव धरतो की नाही, कोण जाणे.