गिरणीवाल्याचा बाप

प्राध्यापकांचं अर्धं आयुष्य विमानतळांवर गेलं. बायको शेजारणींना सांगायची, "आमचे हे घरी पाहुणे म्हणून येतात. दोन दिवस बरे वाटतात."

त्यांना जगभर नाव मिळालं ते एका पुस्तकामुळे. डोंगरातल्या एका गावात, जुन्या लढाईच्या काळात, पुरुष गुहेत लपले होते. सैनिक थेट गुहेपाशी आले आणि त्यांनी सगळ्यांना मारलं. गुहा दाखवली कोणी, हे गावात कुणी बोलत नव्हतं. प्राध्यापक लागोपाठ तीन उन्हाळे तिथल्या म्हाताऱ्या सुईणीकडे उतरले. तिच्या हातचं जेवले, तिची लाकडं फोडली आणि रोज तेच विचारत राहिले. शेवटी ती म्हणाली, "गिरणीवाल्याच्या बापानं."

हस्तलिखित टाइप करताना बायकोनं विचारलं, "म्हातारीशिवाय दुसरं कुणी सांगतं का हे?"

"नाही."

"मग नाव गाळा की."

"नाव गाळलं तर पुस्तकात उरतं काय?"

पुस्तक गाजलं. गावात लोकांनी गिरणीवर दळण टाकणं बंद केलं. गिरणीवाल्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हा तो तिला घेऊन शहरात, प्राध्यापकांच्या घरी आला. टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसला.

"साहेब, माझा बाप त्या वर्षी बंदरावर हमाली करत होता. गावात नव्हताच."

"पुरावा आहे?"

"तुमच्याकडे आहे?"

"माझ्याकडे साक्ष आहे," प्राध्यापक म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "पुढच्या आवृत्तीत बघू."

त्याच आठवड्यात ते पुरस्कार घ्यायला परदेशी गेले. ते परतायच्या आत गिरणीवाल्यानं गिरणीला आग लावली आणि आतून कडी घातली. मुलगी गाव सोडून गेली.

बायकोनं तगादा लावला, तसे काही वर्षांनी दोघं सुईणीकडे गेले. ती आता अंथरुणातच होती, पण जीभ शाबूत होती.

"आजी, गिरणीवाल्याच्या बापाचं ते खरं ना?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मला काय माहीत?" सुईण म्हणाली. "तू पिच्छाच सोडत नव्हतास. तेच तेच विचारून डोकं उठवलंस. म्हटलं, एक नाव देऊन टाकावं. तो मरून गेलेला, त्याचं काय बिघडणार होतं?"

प्राध्यापकांनी रेकॉर्डर बंद केला.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "हे लिहा."

"म्हातारी भ्रमिष्ट झालीये."

"तेव्हा नव्हती?"

त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. घर येईपर्यंत ते रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी बोलत होते.

सुईण वारली. गावानं गुहेपाशी दगड उभारला. मेलेल्यांची नावं वर, आणि खाली, वेगळं, एक नाव, गिरणीवाल्याच्या बापाचं. अनावरणाला अर्थातच प्राध्यापक. पडद्याची दोरी त्यांनी ओढली. लोक रडले, त्यांच्या पाया पडले. "तुमच्यामुळे कळलं, सर." प्राध्यापक पोटभर जेवले.

परतताना बायको म्हणाली, "मी सांगणार आहे सगळ्यांना. मीही होते तिथे. माझ्या कानांनी ऐकलंय."

"तुझं कोण ऐकणार?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. विद्यार्थ्याची चूक दाखवावी तसं ते बोलले.

ती गेली. विभागप्रमुखांकडे गेली, प्रकाशकांकडे गेली, वर्तमानपत्राच्या संपादकांकडे गेली. सगळ्यांनी चहा पाजला. "सरांचा दौरा कसा झाला?" विचारलं. संपादकांनी तिला खाली रिक्षापर्यंत सोडलं आणि वर येऊन प्राध्यापकांना फोन केला, "वहिनींची तब्येत जरा... लक्ष द्या."

प्राध्यापकांनी लक्ष दिलं. एका परिषदेचं निमंत्रण नाकारलं, आयुष्यात पहिल्यांदा. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. दंडाला धरून, जिना सांभाळत ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होता, आदबशीर होता. त्यानं शाळेत त्या पुस्तकातला धडा वाचला होता. तो तिच्याकडे वाकून म्हणाला, "काकू, अलीकडे न घडलेल्या गोष्टी आठवतात का?"

तिनं तोंड उघडलं.

"हो," प्राध्यापक म्हणाले, "बऱ्याचदा."

डॉक्टरनं मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या.