कारण : शौक

"तुमाले आमच्या फटफटीचा आवाज नाही खुपत, साहेब. तिच्यावर आमी बसून राहिलो, ते खुपते. सिधं तसं लिहा ना मंग कागदावर."

देवाजी गजभिये हे वाक्य कोहक्याच्या घरापासून घोकत आला होता. पण ज्याला ऐकवायचं तो साहेबच समोर नव्हता. नोटिशीखाली ज्याची सही होती तो कुठं बसतो, हे गाड्यांच्या तपासणीच्या आवारात कुणालाच ठाऊक नव्हतं. होता तो हवालदार भैयालाल, ओसरीत टेबल टाकून बसलेला एक कारकून, आणि कडुनिंबाखाली रांगेत उभे केलेले तीन ट्रक. चौथी देवाजीची फटफटी.

कामठीला मिलिटरीच्या लिलावात भंगार म्हणून निघालेली गाडी. देवाजीनं दोन वर्षं खपून ती उभी केली होती. टाकीला निळा रंग दिला होता. तो निळा का, हे त्याच्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. दर दसऱ्याला बायकोला, चंपाला, मागं बसवून तो नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, आणि जाताना वाट वाकडी करून स्वतःच्या गावावरून जायचा. तिथल्या मालगुजाराच्या दारासमोरून त्याचा बाप वहाणा हातात घेऊन, चाहूल न लागू देता जायचा. देवाजी नेमका तिथं गिअर उतरवायचा. इंजिनानं दोन शब्द बोलावेत म्हणून. तेवढी एक जागा सोडली, तर आपली गाडी शहाण्यासारखी चालते याची त्याला खात्री होती.

आणि नोटीस म्हणत होती, सायलेन्सर असून नसल्यासारखा, रहिवाशांस उपद्रव. सात दिवसांत हजर राहून लेखी कारण द्यावे, अन्यथा वाहन जप्त.

कोणते रहिवासी? साहेबांच्या बंगल्यांतले. त्यांच्या रस्त्यानं एक गजभिये फटफटीवरून कारखान्यात ड्यूटीला जातो, हाच उपद्रव. देवाजीनं सरळ हिशेब लावला होता. तपासणी होऊ द्या, तोंडावर पडतील.

"चालू कर, गजभिये," भैयालाल म्हणाला.

देवाजीनं एकाच लाथेत इंजिन चालू केलं. तळहात टाकीवर ठेवला. ठोका एकसारखा हाताला लागला. "पाह्यून घ्या," तो म्हणाला, "मांजरीवानी चालते."

मग त्यानं मान वर केली.

ट्रकवाल्यांनी कानांत बोटं घातली होती. निंबावरचे कावळे एकदम उडाले होते. भिंतीशी बांधलेली शेळी दावं तोडायला बघत होती. भैयालालचं तोंड उघडझाप करत होतं, त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. आणि सोबत आलेल्या चंपानं पदराचा बोळा करून कानाशी धरला होता. तिची ती हालचाल आजची नव्हती. हाताला सवय असल्यासारखी होती.

"बंद कर," ही खूण भैयालालला हातानं करावी लागली.

त्यानं पाना घेऊन सायलेन्सर सोडवला आणि दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला. पलीकडून निंबाची पानं दिसली. "अरे, ये तो खाली नली है. अंदर के पर्दे कहाँ गए?"

"मी काढले."

"कायको?"

"गळा दाबल्यावानी बोलत होती. पयला मांगच्या उन्हाळ्यात काढला. मंग होळीले दुसरा. तरी आवाज मोकळा नाही झाला, मंग..." बोलता बोलता तो थांबला.

प्लग स्वच्छ होता तेव्हा. कार्बोरेटर त्यानं तीनदा उघडला होता. पिस्टनला खोट नव्हती. कामावरच्या सबंध गँगमध्ये त्याच्यासारखा हात नाही म्हणतात, आणि त्या हाताला दोन वर्षांत इंजिनातला दोष सापडला नव्हता. इंजिनात तो नव्हताच.

तो चंपाकडे वळला. "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"सांगून राहिली होती ना. दोन साल झाले वरडून राहिली. शेजारची गिरजाबाई म्हणते, तुमच्या घरी रोज भांडन होते." चंपा हसली नाही. "तुमी तोंडाकडं पाह्यता तवा समजते तुमाले. पाठ फिरवली का संपलं."

कारखान्याच्या बांधकामावर चार वर्षं. घराएवढ्या लोखंडी टाकीच्या आत देवाजी, बाहेर हवेच्या दाबावर चालणारा हातोडा. बाहेरचा रिव्हेट ठोकणार, आतल्यानं वजनी लोखंड छातीशी धरून त्याला टेका द्यायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, घंटेच्या पोटात बसल्यासारखं. कानाला काय, तर कापसाचे बोळे, तेही घरून आणायचे. त्याच्या गँगमधल्या चिंधूला गेल्या महिन्यात क्रेनची घंटा ऐकू आली नाही. ठेकेदारानं कागदावर 'अनफिट' लिहिलं आणि त्याच दिवशी गेटपास काढून घेतला. बहिरा झाला कशानं, हा रकाना त्या कागदावर नव्हता.

भैयालाल वाईट माणूस नव्हता. जवळ येऊन तोंडासमोर म्हणाला, "सुनाई नहीं देता ना? यही लिख दे. नया सायलेन्सर लगा ले, गाडी छोड देता हूँ. लेकिन सोच ले, ये कागज तेरे ठेकेदार के दफ्तर से होकर जाएगा."

चंपानं देवाजीचा दंड धरला. "शौक लिहा," ती म्हणाली. "शौकानं केलं म्हना. गाडी जाऊ द्या, पन रोजी ठेवा."

देवाजीनं टाक घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, शौक.

कारकुनानं कागद उलटा करून वाचला. "शौकीन आदमी हैं," तो ट्रकवाल्यांना म्हणाला. ते हसले. देवाजीला हसू ऐकू आलं नाही, दात दिसले.

तेवढ्यात त्याच्या तळपायाला झिणझिण्या आल्या. मैदानापलीकडं कारखान्यात हातोडा सुरू झाला होता. टेबलावरच्या दौतीतली शाई थरथरली. कारकुनानं न बघता डाव्या हातानं दौत धरली आणि उजव्यानं लिहीत राहिला. त्यालाही रोजची सवय होती.

"त्याले नाही का नोटीस?" देवाजीनं विचारलं.

"किसको?"

देवाजीनं दौतीकडं बोट दाखवलं.

कारकून हसला. "वो? वो तो काम की आवाज है, भाई."

काम की आवाज. घोकून आणलेलं वाक्य देवाजीच्या डोक्यातून गेलं. ते लहान पडत होतं. बंगल्यावाल्यांना गाडी खुपली असेल नसेल, पण गाडी खरंच ओरडत होती, आणि तिला ओरडायला लावणारा हातोडा तिकडं बिनबोभाट चालू होता. चाहूल न लागू देता चालणाऱ्या बापाचा हा पोरगा आता स्वतःच्या हातानं 'शौक' लिहून हातोड्याची चूक आपल्या अंगावर घेत होता. घरात चूल पेटायची तर तसंच करायला हवं होतं. त्याला ते समजत होतं.

त्यानं कागद कारकुनाच्या हाताखालून ओढला. 'शौक'वर आडवी रेघ मारली.

चंपानं बघितलं. दंड सोडला. जमिनीवर पडलेला रिकामा सायलेन्सर उचलून तिनं पदरानं पुसला आणि काखेत धरला. मग त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "मोठ्या अक्षरात लिहा. त्याईले बी वाचता आलं पायजे."

देवाजीनं रकाना सोडून अख्ख्या पानभर लिहिलं :

'मी देवाजी लहानू गजभिये. उजवा कान गेला, डावा अर्धा राहिला. मला माझ्याच गाडीचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून मी तो वाढवला. त्यासाठी तुम्ही मला सात दिवस दिले, मी हजर झालो. आता तुम्ही सांगा. ज्या हातोड्यानं माझा कान नेला, त्याची नोटीस कुणी काढायची होती, आणि ती का काढली नाही? माझा पत्ता वर दिला आहे. तुम्हालाही सात दिवस.'