दोन भोवऱ्यांचा झिरो

उस्तादनं सकाळी दुकानाचं शटर वर केलं तेव्हा दारात नवीन पायपुसणं पडलेलं होतं. राखाडी, जाडजूड, कडेनं विसकटलेलं. बायकोनं आणून टाकलं असेल म्हणून तो त्यावरून लांब पाय टाकत आत गेला आणि आरसे पुसायला लागला. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतले कॅशिअर. भारी नीटनेटका माणूस. त्यांनी आत येण्याआधी इमानेइतबारे दोन्ही बूट पुसले, आणि पायपुसणं उठून उभं राहिलं.

कॅशिअरसाहेब त्या दिवशी दाढी न करताच बँकेत गेले.

ते कुत्रं होतं, असं खात्रीनं सांगायलासुद्धा थोडा वेळ लागला. केसांच्या गुठळ्या होऊन त्यांचा नमदा झाला होता. डोळे कुठल्या बाजूला आहेत हे ते चालायला लागलं तेव्हाच कळलं. गळ्यात पट्टा नव्हता. उस्तादनं आजूबाजूच्या दुकानांत विचारलं, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कुत्र्याची तब्येत ठणठणीत आहे, पण हे ओझं आजच्या आज उतरवा, आतली कातडी लाल झाली आहे.

आता केस उतरवायचे म्हटल्यावर उस्तादला कोण शिकवणार? गल्ली त्याला उस्ताद म्हणायची ती काही उगीच नाही. वडिलांच्या हाताखाली तो शिकला, त्यांच्याच खुर्चीमागे तीस वर्षं उभा राहिला. त्यामुळे त्याला एक खोड लागली होती. तो माणसं चेहऱ्यानं ओळखायचा नाही, डोक्यामागून ओळखायचा. रस्त्यात समोरून नमस्कार केलात तर गोंधळून बघत राहील, पण तुम्ही पुढे गेलात की मागून तुमच्या नावानं हाक मारील. चेहरे बदलतात, भोवरा बदलत नाही, असं त्याचं म्हणणं.

दोन तास लागले. तीन गिऱ्हाइकं बाकावर ताटकळत होती, पण एकही उठून गेलं नाही. कात्री हरली, मग उस्तादनं मशीन काढलं आणि सरळ झिरो नंबर लावला. नमद्यातून निघालं ते एक किडकिडीत, तपकिरी ठिपक्यांचं पांढरं ध्यान. कान मात्र दोन कुत्र्यांना पुरतील एवढे. आणि खांद्यांच्या मधोमध शेजारी शेजारी दोन भोवरे, एक उजवीकडे फिरणारा आणि एक डावीकडे, मध्ये केसांची एक रेघ ताठ उभी. असलं काम उस्तादनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानं बाकावरच्या तिघांना बोलावून ते दाखवलं.

नाव ठेवायला वेगळं बसावंच लागलं नाही. झिरो.

खरी अडचण वरच्या मजल्यावर होती. दुकानाच्या मागच्या जिन्यानं वर गेलं की उस्तादचं घर. तिथे राज्य त्याच्या आईचं. उस्तादची मुलगी टिल्ली दहा वर्षांची, आणि त्यातली चार वर्षं तिनं कुत्रा मागण्यात घालवली होती. आजीचं उत्तर ठरलेलं असायचं, या घरात चार पायांचं फक्त स्टूल येईल. उस्ताद झिरोला घेऊन जिना चढला. आईनं चष्मा पुसला, त्या ध्यानाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "थंडी वाजत असेल त्याला. तू तर सालटंच काढलंस की रे." मग तिनं स्वतःच्या स्टुलावरची गादी काढली आणि कोपऱ्यात टाकली.

त्या दिवसापासून घराचं घड्याळच बदललं. ज्या टिल्लीला उठवायला सकाळी तीन माणसं लागायची, ती सहाला उठून पायात बूट घालून बसायला लागली. उस्तादची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ती दिवसभर उभी राहून दमून यायची आणि आल्या आल्या गप्प पडून राहायची. आता ती दारातूनच बडबडत यायची आणि झिरो शेपटीनं सगळ्याला होकार देत ऐकायचा. दुकानात तो तिसऱ्या खुर्चीखाली झोपे आणि त्याच्या अंगावर पडलेले केस उस्ताद ब्रशनं झाडे. आई मात्र तोंडानं कुरकुरतच होती. दुपारी हटकून त्याला वर घेऊन जायची, म्हणायची, दुकानात त्याची झोपमोड होते. उस्ताद रात्री अंथरुणावर पडला की उगाचच हसायचा. सुख म्हणतात ते इतकं केसाळ असतं, हे त्याला पन्नाशीत कळलं.

बाराव्या दिवशी सकाळी आई नेहमीपेक्षा लवकरच, दहा वाजताच, झिरोला वर घेऊन गेली. पाचच मिनिटांनी दुकानात एक माणूस आला. साठीच्या आसपासचा, अंगात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा निळा डगला, हातात कागदांची चळत आणि केस थेट खांद्यांपर्यंत वाढलेले. उस्तादनं सवयीनं खुर्ची फिरवली. माणूस म्हणाला, नको, केसांचं नंतर बघू, एवढा कागद तुमच्या काचेला लावू का? उस्तादनं स्वतः चिकटपट्टी काढून दिली. तो गेल्यावर त्यानं कागद वाचला.

कुत्रा हरवला आहे. नाव लोकर. अंगावर भरपूर केस. हाक मारली की डावा कान हलवतो. कुणाला दिसल्यास कृपया फोन करावा. घरी आम्ही दोघंच आहोत.

खाली फोटो होता. झोपलेल्या कुत्र्याचा, वरून काढलेला. नुसता केसांचा ढीग. कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं की हे भलतंच जनावर आहे, चांगलं दुप्पट. पण त्या ढिगाऱ्यात खांद्यांच्या मधोमध केस दोन बाजूंना फिरले होते, एक वळण उजवीकडे, एक डावीकडे, आणि मध्ये शेंडीसारखी रेघ ताठ उभी. हे भोवरे झिरोचेच होते.

त्या कुत्र्याची ओळख त्यानं स्वतःच्या हातांनी, झिरो नंबरचं मशीन लावून, जमिनीवर पाडली होती आणि झाडून टाकली होती. आता साऱ्या जगात ती फक्त त्यालाच ठाऊक होती. तो गप्प बसला तर कुणालाही पत्ता लागणार नव्हता.

तो गप्प बसला. आणि उस्तादनं गप्प बसणं ही काही लपणारी गोष्ट नव्हती. एरवी हवामानापासून हाडवैद्यापर्यंत कशावरही बोलणारा माणूस मूग गिळून कात्री चालवतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकं काळजीत पडली. कुणी म्हणालं दाढ दुखत असेल. कॅशिअरसाहेबांचे एका बाजूचे कल्ले बोटभर वर गेले, तरी ते सभ्यपणानं काही बोलले नाहीत. बायकोनं कागद पाहिला, फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला, आणि बिचारा सापडू दे म्हणाली. गावभराचे डोळे तपासणारी बाई! टिल्लीनं तर झिरोला उचलून काचेवरच्या कागदासमोर धरलं आणि त्याला सांगितलं की हा कुठे दिसला तर आम्हाला सांगायचं हं. उस्ताद मागच्या मोरीत जाऊन उगाच टॉवेल पिळत बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. आई वर डुलकी काढत होती आणि झिरो तिला चुकवून खाली येऊन तिसऱ्या खुर्चीखाली घोरत होता. उस्तादला राहवलं नाही. तो आरशाकडे तोंड करून, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "लोकर."

आरशात डावा कान हलला. मग कुत्रा उठला, अंग ताणलं आणि कुणी बोलावलं ते बघायला दारापर्यंत गेला. तिथे उभा राहून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत राहिला. बराच वेळ.

त्या संध्याकाळी जेवताना उस्तादनं सांगून टाकलं. भोवरे, फोटो, कान, सगळं. बायकोचा हात ताटातच थांबला. टिल्ली बापाकडे अशी बघायला लागली, जणू त्यानंच कुत्रा चोरून आणला होता.

आई उठली. आतल्या खोलीत गेली आणि आपल्या गादीखालून एक घडी काढून आणली. ती तिनं पानाशेजारी ठेवली. अकरा कागद होते. सगळे तेच. कुत्रा हरवला आहे. कोपऱ्यांना खांबाचा रंग चिकटलेला.

"तुझ्या वडलांबरोबर मी चाळीस वर्षं काढली," आई म्हणाली. "भोवरे काय तुला एकट्यालाच दिसतात?"

जिनं चार वर्षं कुत्र्याला उंबरठा ओलांडू दिला नव्हता, ती म्हातारी आठवडाभर भाजीला जाते म्हणून खांबाखांबावरचे कागद काढत हिंडत होती. लिफ्टवाला चौकात कागद लावताना तिला खिडकीतून दिसला होता, म्हणून त्या दिवशी तिनं झिरोला दहालाच वर नेलं होतं. दुकानाच्या काचेवरचा कागद तेवढा राहिला, कारण तो उस्तादच्या नजरेसमोर होता. आईनं पदराला डोळे पुसले आणि मला लाज नाही वाटत, असंही म्हणाली. पण ते काही खरं नव्हतं.

टिल्ली त्यातला एक कागद घेऊन वाचत होती. तीन दिवस काचेवर वाचलेलाच, पण आता बोट ठेवून. ती म्हणाली, "इथं लिहिलंय, घरी आम्ही दोघंच आहोत. म्हणजे आता ते काका एकटेच असतील ना?" मग तिचा चेहरा रडवेला झाला, पण फोन तिनंच आणून बापाच्या हातात दिला.

रविवारी सकाळी लिफ्टवाला धावतच आला; फोनवर उस्तादनं केसांचं काही सांगितलं नव्हतं, फक्त येऊन बघा म्हटलं होतं. घरातले सगळे दुकानातल्या बाकावर रांगेनं बसले होते. झिरोला आईनं आंघोळ घातली होती, आणि तो आईच्याच टॉवेलात गुंडाळून तिच्या मांडीवर गाढ झोपला होता. लिफ्टवाल्यानं ते पाहिलं आणि त्याचे खांदे पडले.

"हा नाही हो," तो म्हणाला. "माझा चांगला मोठा आहे. केसाळ." त्यानं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, तुम्हाला उगाच तसदी दिली म्हणाला आणि वळला.

उस्तादला वाटलं, झालं. आपण फोन केला, तो आला, त्यानं स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं. आता आपल्याकडे कुठलं पाप राहिलं? टिल्ली त्याच्याकडे बघत होती. आईसुद्धा. लिफ्टवाला दरवाज्यापर्यंत पोचला होता, आणि त्याच्या पाठमोऱ्या मानेवरचे लांब वाढलेले केस उस्तादच्या समोर होते. कुणीतरी घरच्या घरी, प्रेमानं, मागची रेघ थोडीशी वाकडी ठेवत कापत आलेले केस. कापणाऱ्याचा हात थांबला त्याला दोन वर्षं तरी झाली होती. हे उस्तादला दिसलं, कारण त्याला तेवढंच दिसायचं.

"साहेब," तो म्हणाला, "एकदा हाक मारून बघा."

लिफ्टवाला दारात थांबला. न वळताच, जवळजवळ पुटपुटत त्यानं ते नाव घेतलं. टॉवेलातून आधी डावा कान बाहेर आला, मग सगळा कुत्रा. पुढच्या क्षणी दुकानातल्या दोन बाटल्या, एक स्टूल आणि लिफ्टवाला जमिनीवर होते. लिफ्टवाला खाली बसल्या बसल्या रडत होता, हसत होता आणि झिरो त्याचं तोंड चाटून चाटून दोन्ही पुसून टाकत होता. टिल्ली रडता रडता हसायला लागली, कारण दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

मग हळूहळू सगळं कळलं. त्याची बायको घरीच दोघांचे केस कापायची, आधी नवऱ्याचे, मग कुत्र्याचे, एकाच कात्रीनं. ती गेल्यावर कात्रीला हात लावायचा त्याला धीर होईना. दुसऱ्या कुणाकडे जायचाही नाही. तो आठला कामावर जायचा तो सहाला यायचा आणि लोकर दिवसभर दाराकडे बघत बसायचा. गेल्या महिन्यात पट्टा आखडला म्हणून काढून ठेवला होता, आणि लोकरनं तेवढ्यात कडी उघडायची विद्या शिकून घेतली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग एक घाव दोन तुकडे करावेत तसा निकाल दिला. सकाळी कामावर जाताना कुत्रा इथे सोडायचा. संध्याकाळी न्यायचा. नेताना चहा घेऊन जायचं, उभ्याउभ्या नाही. रविवारी जेवायला दोघांनी यायचं. "आणि आधी त्या खुर्चीत बसा," ती म्हणाली. "या अवतारात मी कुणाला चहा देत नाही."

तो बसला. उस्तादनं मशीन घेतलं नाही, वडलांची जुनी कात्री काढली. अर्धा तास हळूहळू कापलं आणि सगळा वेळ बोलत राहिला. तीन दिवसांचं साचलेलं होतं. मागच्या बाजूला त्यानं ती थोडीशी वाकडी रेघ तशीच ठेवली. कुणाला कळणार नव्हती. लिफ्टवाल्यानं आरशात बघितलं, मागे हात फिरवला, आणि त्याला कळली.

तो खुर्चीतून उठला तेव्हा झिरो दोन पावलं मागे सरला आणि त्याच्यावर सणसणीत भुंकला. मग वास घेतला आणि ओशाळून शेपटी हलवली. सगळं दुकान हसलं, लिफ्टवालाही धरून.

काचेवरचा कागद काढायला टिल्ली स्टुलावर चढली, पण तिनं तो काढला नाही. कानामागचं पेन घेतलं, ‘हरवला आहे’वर काट मारून ‘सापडला आहे’ लिहिलं. नावापुढे लोकर होतं तिथे उर्फ झिरो जोडलं. मग शेवटच्या ओळीवर आली. बोटं मोडून मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि दोघंच खोडून तिथे सहाजण लिहिलं.

लिफ्टवाल्यानं ते वाचलं. चहाचा कप खाली ठेवला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

"असे अजून अकरा आहेत माझ्याकडे," आई म्हणाली. "सगळ्यांवर लिही. जिथून काढले तिथे मीच लावून येते."