आधी कोण ठेवणार

आमच्या घरच्या फोनवर गेली पाच वर्षं एकच कॉल चालू होता. एका टोकाला आमची ही, दुसऱ्या टोकाला हिची धाकटी बहीण. बोलत मात्र कुणीच नव्हतं, कारण भांडण झालं होतं. बाकीच्या बहिणी जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. या दोघी भांडल्या त्या आधी फोन कोण ठेवतं यावरून. मेहुणी म्हणाली, दर वेळी तूच आधी ठेवतेस, घाई तुलाच असते. ही म्हणाली, असं असेल तर आज तू ठेवल्याशिवाय मी ठेवायची नाही. मेहुणी म्हणाली, बघूच मग. तेव्हापासून दोघी बघत होत्या.

आमच्या पुढच्या खोलीत माझं चष्म्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या बोळात स्टुलावर फोन. त्याचा रिसीव्हर घडी केलेल्या टॉवेलवर आडवा पडलेला असायचा. मी भिंगं घासायचं चाक सुरू केलं की त्याचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला मेहुणीच्या घरी जायचा आणि तिचं शिलाई मशीन आमच्या बोळात खडखडायचं. बाकीच्या नातेवाइकांना आमचा नंबर कायम बिझी लागे. त्यामुळे आमचा धंदा जोरात चालला आहे अशी त्यांची समजूत झाली होती आणि मी ती मोडली नाही.

मोबाइल होते की घरात. पण मोबाइलवर बोलणं म्हणजे मागच्या दाराने शरण जाणं, असं दोघींचंही मत. एका लग्नात तर शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसल्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा हिने मलाच वेड्यात काढलं. तिकडे फोन चालू असताना इथे समोरासमोर कशाला बोलायचं, म्हणाली.

बोलणं बंद, म्हणजे ऐकवणं बंद असं नाही. घरी कुणी पाहुणे आले की ही त्यांना ओढून बोळात आणायची आणि तिथे उभ्याउभ्या चहा द्यायची, कारण चहाची तारीफ रिसीव्हरला ऐकू जायला हवी. तिकडून लगेच भांडी आपटल्याचा आवाज यायचा. मग हिला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. मी मात्र स्वतःच्या घरात चोरासारखा वावरत होतो. मेहुणीबद्दल काही बोलायचं झालं तर मला गच्चीवर जावं लागे.

एकदा ते मशीन सकाळपासून वाजलंच नाही. ही भाजी चिरायची थांबली, दुपारी ताटावरून उठली, आणि शेवटी मला म्हणाली, जरा साडूंना फोन करून बघा, पण मी विचारलंय असं कळता कामा नये. साडू म्हणजे मेहुणीचे यजमान, बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं करतात. त्यांनी सांगितलं की मशीनचा पट्टा तुटलाय, बाकी सगळं ठीक. हे कळल्यावर ही इतका वेळ डोळे पुसत बसली की मला दुकानात गिऱ्हाईक असूनही तिथून हलवेना.

अशात टेलिफोन कंपनीची नोटीस आली. जुन्या तारा काढणार, यापुढे सगळ्यांचे फोन इंटरनेटवर चालणार, नंबर तोच राहील. ठरलेल्या दिवशी कंपनीचा माणूस एक काळी डबी घेऊन आला. त्याने भिंतीवर जागा पाहिली, डबीचे दिवे लावले आणि सहज म्हणाला, रिसीव्हर खाली ठेवा, लाइन मोकळी झाली की नंबर इकडे वळवतो.

ही स्टुलासमोर जाऊन उभी राहिली.

त्या माणसाने आधी मला समजावलं, मग हिला, मग ऑफिसला फोन करून स्वतःच्या साहेबांना. साहेबांचं म्हणणं पडलं की ग्राहक बोलत असताना लाइन तोडायची नाही, हा कंपनीचा पहिला नियम. तो म्हणाला, साहेब, इथे कुणीच बोलत नाहीये. साहेब म्हणाले, मग ठेवत का नाहीत? जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला की गावाच्या पलीकडे अजून एक घर असंच आहे, तिथल्या बाई त्याच्यावर कात्री घेऊन धावल्या होत्या. मी म्हटलं, त्या शिवणकाम करतात, कात्री त्यांच्या हातात असतेच. पण मनातून मला मेहुणीचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला बोलू.

पुढे साहेबबाई स्वतः आल्या. म्हणजे साहेबांच्याही वरच्या. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, पलीकडचं मशीन थोडा वेळ ऐकलं आणि अगदी जपून पुन्हा टॉवेलवर ठेवला. मग म्हणाल्या, नियम नियमाच्या जागी, पण महिनाअखेर तार निघणार म्हणजे निघणार.

त्या गेल्यावर ही बोळातच खाली बसली.

"तार कापली की ती माझ्यावरच ढकलणार, मीच ठेवला म्हणून," ही म्हणाली. "जन्मभर म्हणत राहील. आणि तिचा आवाज बंद झाल्यावर या घरात मी एकटीने करायचं काय?"

मी घरातच होतो. अगदी समोर उभा होतो. पण अशा वेळी आपला मान आपणच गिळायचा असतो, हे इतक्या वर्षांच्या संसाराने मला शिकवलंय.

तोड काढली साडूंनी. वेळापत्रकवाला माणूस, त्यांना सगळ्याला तोड दिसते. फोन कोणीच ठेवायचा नाही, मधल्या मध्ये कंपनीने तोडायचा. म्हणजे हार कुणाचीच नाही. दोघींना हे पटलं, पण दोघींनी एकच शंका काढली: समोरचीने क्षणभर आधी गुपचूप ठेवला तर? तेव्हा असं ठरलं की दोन्ही घरांत साक्षीदार हवा आणि तो विरुद्ध पक्षाचा हवा. हिचा माणूस म्हणून मी मेहुणीकडे आणि मेहुणीचा माणूस म्हणून साडू आमच्याकडे. वाटेत पुलावर आमची गाठ पडली. साडूंनी पिशवीत घरच्या चपला घेतल्या होत्या. युद्धात कैद्यांची अदलाबदल होते तसे आम्ही एकमेकांना मान हलवून पुढे गेलो.

मेहुणीच्या घरी फोन शिलाई मशीनजवळ होता. रिसीव्हरखाली मखमलीची छोटी गादी, तिला झालरसुद्धा शिवलेली. मला आमचा टॉवेल आठवून लाज वाटली. मेहुणीने मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "भावजी, गुडघ्याची गोळी घेऊन आलात ना? सकाळी घेतली नाहीत तुम्ही." मी थक्क झालो. मग लक्षात आलं की रोज सकाळी ही गोळीवरून माझ्यावर ओरडते, ते आज साडू येणार या गडबडीत राहिलं होतं. माझ्या गुडघ्याची खबर मेहुणीला माझ्याआधी असते.

तेवढ्यात रिसीव्हरमधून माझं घर ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या दाराची कुरकुर, हिच्या बांगड्या, आणि मग साडूंना सांगणारा हिचा आवाज, की त्या खुर्चीवर बसू नका, ती यांची आहे, तिचा पाय डुगडुगतो, त्यांनाच तिच्यावर बसता येतं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं घर बाहेरून ऐकत होतो. छान होतं. मला एकदम तिथे जावंसं वाटलं.

कंपनीच्या माणसाने तिकडे मुख्य ऑफिसात खटका ओढला. आवाज वगैरे काही झाला नाही. हिच्या बांगड्या वाजत होत्या, त्या वाजायच्या थांबल्या. एवढंच झालं. मेहुणीने माझ्याकडे पाहिलं, मी साक्षीदार म्हणून मान हलवली की हो, तू ठेवला नाहीस. कंपनीने भिंतीवर आधीच बसवून ठेवलेल्या डबीचे हिरवे दिवे लागले. मेहुणीने डबीला जोडलेल्या नव्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि सवयीने गादीवर आडवा ठेवला. थोड्याच वेळात त्यातून एक बाई बोलायला लागली की कृपया रिसीव्हर जागेवर ठेवा. मेहुणी म्हणाली, ही कोण मला सांगणारी? बाई पुन्हा तेच म्हणाली. मेहुणीने तिच्यावर उशी दाबली. उशीखालून बाई सांगतच राहिली. शेवटी मीच उठून रिसीव्हर जागेवर ठेवला आणि घर इतकं शांत झालं की मला माझ्याच श्वासाचा संकोच वाटू लागला.

मेहुणी मशीनवर बसली, पण पाय चालवेना. कापडाची कड हातात धरून नुसती बसली.

"आत्ता काय करत असेल ती?" तिने विचारलं.

मी आठवून पाहिलं. दुपारच्या या वेळी मी दुकानात असतो. मागे ही काय करते ते मला ठाऊक नव्हतं, आणि तसं मी सांगितलं.

"आत्ता वाळलेले कपडे काढून आणते," मेहुणी म्हणाली. "दोन्ही हात भरलेले असतात, म्हणून दार पायाने लोटते. मग घड्या घालताना गुणगुणते. आईचंच गाणं असतं, पण चुकीच्या चालीत. पाच वर्षं झाली, मला सांगायचंय तिला की चाल चुकते म्हणून." असं म्हणून ती रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलीसारखी. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी गोळी घेतली.

मी म्हटलं, फोन कर. ती म्हणाली, मी का करू? जी आधी करेल ती नमली. मला आता नवं भांडण दिसायला लागलं, पुढची पाच वर्षं चालणारं, आणि त्यात ऐकायला काहीच नसणारं. एवढ्यात फोन वाजला.

मेहुणीने तो वाजू दिला. आणखी वाजू दिला. मग डोळे पुसून, आवाज कोरडा करून उचलला आणि माझ्यावर उपकार म्हणून की काय, मलाही ऐकू येईल असा धरला.

"आमचे हे आहेत का तिथे?" पलीकडून ही म्हणाली. सकाळी हिनेच मला तिथे पाठवलं होतं.

"आहेत."

"त्यांना म्हणावं, गोळी राहिलीये."

"घेतली आत्ताच."

"बरं."

मी हात पुढे केला, मला दे म्हणून, पण मेहुणीने माझ्याकडे पाहिलंही नाही. फोनमध्ये कुरकुर नाही, खरखर नाही, काही नाही. पलीकडे कुणी आहे की नाही हेही कळेना.

"बरं मग," ही म्हणाली. "ठेवू?"

मेहुणीने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला.

"नको ना ताई," ती म्हणाली. "इतक्यात नको ठेवूस."