मुद्देमालातली कळशी

मी स्टीलची कळशी बोलतेय. पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत, जप्त केलेल्या एका मोटारसायकलच्या टायरला टेकून बसलेय. गळ्यात सुतळी, सुतळीला चिठ्ठी, वर लाखेचा शिक्का. एवढा थाट माझा लग्नातही झाला नव्हता.

लग्न शालूचं. तिच्या आईनं, सखूबाईनं, मला गुलमंडीच्या बाजारातून घेतलं आणि काठावर लेकीचं नाव कोरून घेतलं. शालूबरोबर मी बजाजनगरला आले. तिचा नवरा अजिनाथ वाळूजच्या एका कारखान्यात कामाला. खोली त्याच्या नावावर. शेजारच्या खोलीत सासू दगडाबाई आणि दीर हनुमान.

मग दुष्काळाचं साल आलं. चहूबाजूंनी नव्या वस्त्या उठत होत्या आणि नळ मात्र शोभेला उरले होते. टँकर यायचा तिसऱ्या दिवशी. आमच्या गल्लीचा एक नियम होता. भांडं रांगेत ठेवलं की बाईचा नंबर लागला. मग ती घरी भाकरी थापत बसली तरी तिच्या भांड्याला कुणी हात लावायचा नाही. बायांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या, पण हा नियम कुणी मोडला नाही.

त्याच साली अजिनाथ खंगत गेला. तपासणीत त्याला एचआयव्ही निघाला, मग शालूलाही. तो वारला आणि दगडाबाईनं ठरवूनच टाकलं, पोराला रोग सुनेनं दिला. आधी शालूचं ताट वेगळं झालं, मग मार सुरू झाला. हनुमान दार लावून मारायचा. तिला हाकलून खोली घ्यायची, एवढाच त्याचा डाव. शालू ओरडायची नाही. ओरडलं तर गल्लीला कारण सांगावं लागेल, आणि त्याची तिला मारापेक्षा जास्त भीती. हे हनुमानला पक्कं ठाऊक होतं. मला त्याचा फार राग यायचा, पण भांड्याचा राग कोण विचारतो?

शेवटी घाईनं त्याची मती फिरली. एका सकाळी टँकरला उशीर झाला होता, बाया ताटकळल्या होत्या. हनुमान सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला एड्स हाय. हिच्या भांड्याला भांडं लावू नका." आणि त्यानं मला पायानं रांगेबाहेर ढकललं.

शेजारची अनवरी तेवढी उठली. तिनं मला उचलून जागेवर ठेवलं. "इसका नंबर मेरे आगे है, भैया. भांडं हलवायचं नाय."

शालूलाही धीर आला. "भाऊजी, मी खोली सोडणार नाय."

हनुमाननं मलाच उचललं आणि तिच्या डोक्यात घातलं. मला पोचा आला, तिला सात टाके पडले.

एक गोष्ट तो विसरला. टँकर आता येईल, मग येईल म्हणून एकही बाई रांग सोडून गेली नव्हती. दाराआड मारणाऱ्यानं तीस-चाळीस जणींदेखत मारलं. पण शालूनं तक्रार दिल्यावर पोलिसांपुढं जबाबाच्या वेळी त्या म्हणाल्या, "आम्ही टँकरकडं बघत व्हतो." टँकर त्यानंतर अर्ध्या तासानं आला. खरं सांगितलं ते एकट्या अनवरीनं.

हनुमान जामिनावर सुटला. दगडाबाईनं शालूला इथंच, ठाण्याच्या व्हरांड्यात गाठलं. "तक्रार मागं घे. कोर्टात रोगाचं नाव निघंल. लई बदनामी व्हईल."

"ती तर तुमच्या लेकानं करून टाकली, आत्याबाई. आता भ्यायला काय ऱ्हायलं?"

मला हे भिंतीपलीकडून ऐकू आलं. फार बरं वाटलं.

जमादारानं तिला विचारलं, कोर्टात अर्ज करून कळशी परत नेतेस का? पाण्याचे हाल आहेत. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब, निकाल लागस्तोवर."

म्हणून मी थांबलेय, कोरडी ठणठणीत. शालू त्याच खोलीत राहते, गोळ्या वेळेवर घेते, तेलाच्या डब्यानं पाणी भरते. पुढच्या महिन्यात तारीख आहे. आमच्या गल्लीत कुणी गेलंच तर बायांना माझा एवढा निरोप सांगा. कोर्टात साक्षीच्या रांगेत अनवरी एकटीच उभी आहे. तिच्या मागचा नंबर रिकामा आहे.